आपल्या लोकांना गुठळ्या होत नाहीत!

डॉ. अर्नुल्फो सुमागायसाय हे फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातले नावाजलेले गुडघ्या-खुब्यांचे सर्जन. सांधा बदलल्यावर रक्त पातळ करणारं औषध कुणी सुचवलं, की ते हसून म्हणत, "अहो, रक्ताच्या गुठळ्या गोऱ्यांना होतात! आपल्या लोकांची जखम उगाच भळभळेल." पेशंटला निवांत पडू द्यायचं, ही त्यांची रीत.

बाजारात बाचोय नावाचं शेवयांचं सूप विकणाऱ्या बासिलिसांचं गुडघ्याचं ऑपरेशनही झकास झालं. पण चालायला उठल्या आणि धाप लागून कोसळल्याच! पायात धरलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती. छातीच्या डॉक्टर मिलाग्रोस यांनी त्यांना कसंबसं वाचवलं.

"माझ्याकडची ही पहिलीच केस," अर्नुल्फो पुटपुटले.

"पहिली सापडलेली म्हण!" मिलाग्रोस म्हणाल्या. "घरी गेल्यावर एखादा म्हातारा दगावला, तर लोक म्हणतात, हृदय बंद पडलं. तू कधी शोधलंस?"

"रक्तस्रावाची भीती असते गं."

"असतेच. म्हणून माणूस बघून औषध ठरवायचं. नाही झेपत, तर पायाला दाब देऊन रक्त खेळतं ठेवणारा पंप लावायचा, लवकर उठवून चालवायचं. पण काहीच करायचं नाही, ही कसली सावधगिरी?"

अर्नुल्फोंना त्यांचे जुने पेशंट सिक्स्टो आठवले. खुबा बदलून घरी गेले आणि अचानक वारले. 'देवाची इच्छा,' असं त्यांच्या बायकोला अर्नुल्फोंनीच सांगितलं होतं.

बासिलिसा सावरल्यावर त्यांच्या लेकीने अर्नुल्फोंचे हात धरले. "डॉक, तुमच्यामुळे आई वाचली!"

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही गं. माझ्यामुळेच तिच्यावर ही वेळ आली," म्हणत त्यांनी डोळे पुसत सगळं सांगून टाकलं. लेकीने हात सोडले.

बासिलिसांनी मात्र विचारलं, "शेजारच्या खाटेवरचीला दिलंत ते औषध?"

"अजून नाही, नानाय," आईला हाक मारावी तसं ते म्हणाले.

"मग इथे डोळे काय पुसताय? जा आधी!"

ते गेले. त्या दिवसापासून त्यांच्या वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या गुठळीच्या धोक्याचा नीट विचार होऊ लागला. रविवारी ते सिक्स्टोंच्या बायकोकडेही गेले. 'कदाचित माझीच चूक असेल,' एवढं त्यांनी म्हटलं. ते परत निघाले, तरी ती दारातच उभी होती.

वाचकहो, ऑपरेशनआधी डॉक्टरांना जरूर विचारा, गुठळी होऊ नये म्हणून काय करणार? आणि आपणही 'आजवर कुठे काय झालं?' असं म्हणण्याआधी, आपण कधी पाहिलं होतं का, हे स्वतःला विचारू या!