मनगटातली मंडळी

पिटुकलीच्या, माझ्या लेकीच्या, बाळंतपणाच्या वेळी मी वैद्यकीय कॉलेज सोडलं तेव्हा पहिलं वर्ष जेमतेम पदरात पडलं होतं. चार वर्षांनी परत येते म्हटल्यावर कॉलेजने अट घातली: शरीररचनेची तोंडी परीक्षा पुन्हा द्या. पास झालात तर दुसऱ्या वर्षाला बसा, नापास झालात तर नाव कायमचं कमी.

मनगटात आठ लहान हाडं असतात. त्यांची नावं लॅटिन, आणि मांडीवर पोर असलं की लॅटिन डोक्यात शिरत नाही. म्हणून मी हाडांना घरचीच माणसं वाटून दिली. पडलं-झडलं की सगळ्यांत आधी मोडतं ते स्कॅफॉइड म्हणजे नवरा. साध्या सर्दीत हा निरवानिरवीची भाषा बोलतो. मधोमध ठाण मांडलेलं, सगळ्यांत मोठं कॅपिटेट म्हणजे सासूबाई. त्यांना चिकटून असलेलं, हुकासारखा आकडा असलेलं हॅमेट म्हणजे वन्सं, माझी नणंद. त्यांचं बोलणं कुठे अडकेल सांगता येत नाही. दरवर्षी माझा रजेचा अर्ज कॉलेजात नेऊन द्यायच्या आणि वर विचारायच्या, "यंदाही घरीच का?" मला ते टोचायचं. तिकोनी ट्रायक्वेट्रल मी, आणि माझ्या अंगावर बसलेलं वाटाण्याएवढं पिसिफॉर्म, ते सांगायला नकोच.

पिटुकली दुपारी झोपली की सासूबाई भाजी निवडत उजळणी घ्यायच्या.

"मी कुठेय?"

"मधे."

"आणि ती आकडेवाली?"

"तुमच्या शेजारी."

"असू दे. डोळ्यांसमोर बरी."

परीक्षेला बाईंनी ट्रेमधलं एक हाड माझ्या तळहातावर ठेवलं. "हे कोणतं?"

आकडा बोटाला लागला आणि तोंडून निघून गेलं, "वन्सं."

"काय म्हणालात?"

थाप सुचेना, म्हणून खरं ते सांगून टाकलं. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"मग सासूबाई कोणत्या बाजूला?"

"वन्संच्या शेजारी, अंगठ्याच्या बाजूला, मॅडम."

"नवरा?"

"कोपराकडच्या ओळीत, अंगठ्याखाली."

"मोडला तर लवकर जुळत का नाही?"

"रक्त उलट्या टोकाने येतं. मोडला की एक तुकडा उपाशी राहतो."

"आता सगळ्यांची कागदोपत्री नावं."

आठही सांगितली, एका दमात. बाईंनी सही केली आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या, "वर्ग सोमवारपासून. वन्संना विचारलंय म्हणून सांगा."

घरी दारातच वन्सं उभ्या, कडेवर पिटुकली.

"काय झालं?"

"पास."

पिटुकलीला राहवलं नाही. "आत्या, तू आकडा आहेस. आई म्हणते."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भाजीत अगदी बुडून गेल्या होत्या.

वन्संनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या हाताला अडकवली. "आहेच मुळी. चार वर्षं तुझं नाव त्या कॉलेजात कुठल्या आकड्याला अडकून राहिलं होतं, वहिनी?"

मी त्यांचं मनगट धरलं, अगदी आकडा असतो तिथेच, आणि आत गेल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.