सुताची काडी

मला सभेत झोप लागली होती असं बायका म्हणतात. झोप नव्हती ती. आठवडाभर गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बाईचे डोळे रविवारी दुपारी मिटतात, त्याला मी काय करू? आणि जे मला दिसलं ते टक्क जाग्या माणसांना दिसलं नसतं.

परळला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक खोली मोकळी होती. शेजारची बकुळा, सातवी झालेली पोर, संध्याकाळी तिथे आम्हा बायकांना लिहायला शिकवायची. चाळिशी उलटल्यावर मी पाटी धरली आणि जोडाक्षरांपर्यंत पोचले. गिरणीत अंगठा उठवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अजून दोन महिने मिळाले की सही येणार होती.

आणि आमचे हे, कोंडीराम, चाळकमिटीचे अध्यक्ष, यांनी ठराव आणला की खोली संयुक्त महाराष्ट्राच्या कामाला द्यायची. फलक ठेवायला, स्वयंसेवकांना पाठ टेकायला. घरात मला एका शब्दाने विचारलं नाही.

याच्याविरुद्ध बोलायचं कुणी? मुंबई महाराष्ट्राची व्हावी म्हणून मोर्च्यात मीही घसा फोडलेला. पण मला वाचायलाही यायला हवं होतं, त्याचं काय?

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वर्ष झालं होतं. वरच्या मजल्यावरचे शामरावकाका तेव्हापासून बुद्धाविषयी मिळेल ते वाचायचे. रविवारी चाळीच्या चौकात सभा सुरू होताना ते म्हणाले, "आजपासून कारभार जुन्या भिक्खू संघासारखा. अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशात माणसं मतं मोजत होती. ठराव मांडायचा, तीनदा विचारायचं. मान्य असेल त्याने गप्प बसायचं, नसेल त्याने बोलायचं. कुणी बोललं तर काड्या वाटून मत घ्यायचं."

गप्प बसणं म्हणजे होकार. मी कपाळाला हात लावला. आम्ही बायका सभेत जन्मभर गप्पच बसत आलो. म्हणजे आजवर सगळ्याला आम्ही हो म्हणत होतो की काय?

यांनी ठराव वाचला. शामरावकाकांनी पहिल्यांदा विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. पत्र्यावरून ऊन खाली उतरत होतं, वाऱ्यावर कुणाच्या तरी केसातला कापसाचा पुंजका तरंगत होता. त्याच्याकडे बघता बघता माझे डोळे मिटले.

शेणाने सारवलेली लांबच लांब जमीन दिसली. पिवळी चीवरं घातलेली माणसं रांगेने बसलेली, आणि काड्यांची टोपली हातोहात सरकत होती. कुणाला घाई नव्हती. टोपली बायकांच्या रांगेत आली. तिथे एक म्हातारी भिक्खुणी होती, बोटांना माझ्यासारखेच घट्टे. तिने तळहात पुढे केला नि विचारलं, "बाई, तुझी काडी कुठाय?"

लांबून शामरावकाकांचा आवाज आला. दुसऱ्यांदा विचारून झालं होतं, आता तिसऱ्यांदा विचारत होते.

मी उठून उभी राहिले. "मला मान्य नाही," म्हटलं. "फलक जिन्याखाली राहतील. अक्षरं जिन्याखाली शिकता येत नाहीत, तिथे उजेड नाही. आणि महाराष्ट्र आल्यावर त्याची पाटी मला वाचता नको का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग काड्या वाटल्या. प्रत्येकाला दोन. सूत गुंडाळलेली काडी म्हणजे खोली चळवळीला, कोरी म्हणजे वर्गाला. एक झाकलेल्या टोपलीत टाकायची, उरलेली घरी नेऊन चुलीत घालायची, म्हणजे कुणाचं मत कुणाला कळायचं नाही. बायकांनी पदराखाली बोटांनीच काडी ओळखली. सूत ओळखायला आम्हाला डोळे लागत नाहीत.

मोजणी झाली. सुताच्या सोळा, कोऱ्या सत्तावीस. बकुळा तिथेच रडली. मी मनात हिशेब केला. बायका आम्ही सव्वीस. सगळ्याजणी एकीकडे झाल्या असं धरलं तरी एक पुरुष उरत होताच. शामरावकाका असतील, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यांचा सदरा धुवायला घेतला. खिसे तपासायची माझी सवय. हाताला काडी लागली, आणि तिच्यावर सूत होतं. चुलीत घालायचं विसरले होते.

ठराव यांचा. कमिटीतल्यांनी गळ घातली असणार, अध्यक्षाला नाही म्हणता आलं नसेल. आणि टोपलीत यांनी टाकली ती कोरी. ओल्या हाताने मी ती काडी तशीच धरून बसले.

हे चहा पीत होते. काडी बघून कपबशी खाली ठेवली. "काय म्हणणं आहे तुझं?" म्हणाले.

मी काडी चुलीत घातली. सूत आधी पेटलं.

यांनी पुन्हा विचारलं. थोडं थांबून, हलक्या आवाजात, तिसऱ्यांदा विचारलं.

मी गप्प बसले.