लाल चिंधीचा कॅन

इंदापूर रस्त्यावरच्या दूध शीतकरण केंद्रात गुणवत्ता अधिकारी म्हणून रुजू झाल्यापासून सहा आठवड्यांत उत्कर्षाने डॉकवरचं, म्हणजे कॅन उतरवायच्या ओट्यावरचं, सगळं मोजून घेतलं होतं. सकाळी किती कॅन उतरतात, कोणत्या गाडीचं दूध किती अंशांवर येतं, एक कॅन उघडून नमुना काढून ओतायला किती सेकंद लागतात. बारामतीत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना लागलेली सवय होती ती. एकच गोष्ट तिच्या वहीत बसत नव्हती.

निरवांगीच्या बाजूने येणाऱ्या गाडीत अधूनमधून एखाद्या कॅनच्या कानाला लाल चिंधी बांधलेली असायची. डॉकवरचे साहेबराव तो कॅन उतरवून भिंतीकडेला सरकवायचे. गाडी रिकामे कॅन घेऊन परत निघाली, की तोही भरलेला तसाच परत जायचा. रजिस्टरमध्ये तो ना आला होता, ना गेला होता.

तिने एकदा विचारलं होतं.

"राहू द्या म्याडम. ते आसंच हाय," साहेबराव म्हणाले होते, आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडून नाक आत घातलं होतं.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. कोणाचं तरी दूध न तपासता येतं आणि जातं, म्हणजे यात कोणाचा तरी फायदा असणार. साडेनऊला कॅन धुवायच्या मशीनमागे, जिथली भिंत वाफेने कायम ओली असायची, तिथे साहेबराव, कॅन धुणाऱ्या तुळसाबाई आणि गाड्यांचे ड्रायव्हर उलट्या क्रेटवर बसून चहा प्यायचे. हसण्याचा आवाज लॅबपर्यंत यायचा. उत्कर्षा तिकडून गेली की तो थांबायचा. मॅनेजर विजयसिंह सरांच्या केबिनमध्ये कोण कोणाच्या हाताखाली याचा तक्ता लावलेला होता. त्यात उत्कर्षाच्या चौकटीतून एक रेघ खाली साहेबरावांच्या चौकटीत जात होती. त्या रेघेवरून आजवर खाली गेले होते ते फक्त हुकूम. वर काहीच आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी चिंधीचा कॅन आला तेव्हा साहेबराव ऑफिसात हजेरीच्या नव्या मशीनला अंगठा लावायला गेले होते. उत्कर्षा डॉकवर होती. तिने कॅन पुढे घ्यायला सांगितलं.

"म्याडम, साहेबराव येऊ द्या की," तुळसाबाई हात पुसत म्हणाल्या.

"का? काय आहे यात?"

तुळसाबाईंनी ड्रायव्हर विशालकडे पाहिलं. विशालने गाडीच्या टायरकडे पाहिलं.

उत्कर्षाने स्वतः चिंधी सोडली, कोटाच्या खिशात टाकली, नमुना घेतला. फॅट ठीक. आम्लता ठीक. वास स्वच्छ. "नियमाप्रमाणे रांगेत घ्या," ती म्हणाली, आणि चाळीस लिटर दूध टाकीत गेलं. गाडीतले बाकीचे कॅन मागोमाग.

दुधातलं अँटिबायोटिक ओळखायची पट्टी एकेका कॅनला लावत नसत. सगळं दूध मोठ्या टाकीत जमलं, की मुख्य डेअरीचा टँकर भरण्याआधी एकदाच लावत. पट्टीवर दोन रेघा उमटल्या की दूध चांगलं. दुसरी रेघ उमटली नाही की त्यात औषध. अकरा वाजता उत्कर्षाने पट्टी बुडवली. एकच रेघ आली. तिने दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी, नव्या डबीतली.

आठ हजार लिटर, सगळं ओतून द्यायचं.

विजयसिंह सर ओरडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटून घेतले. "हेड ऑफिसला चार वाजेपर्यंत रिपोर्ट द्यायचाय," ते म्हणाले. "कुठं चुकलं आणि कोणाकडून, एवढंच विचारतात ते. डॉक साहेबरावांचा आहे. त्यांचं नाव घाला. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांच्या... वाईट वाटतं, पण नाव तर लागणारच."

उत्कर्षा लॅबमध्ये आली. पेनासाठी खिशात हात घातला, तर हाताला चिंधी लागली.

मशीनमागे चहा कधीच संपला होता, तरी साहेबराव आणि तुळसाबाई दोघं तिथेच बसली होती. उत्कर्षाने चिंधी साहेबरावांसमोर धरली.

"ही काय आहे, ते मला सांगा. मी लिहून घेणार नाही. वही लॅबमध्ये ठेवून आलेय."

साहेबरावांनी तिच्या हातांकडे बघितलं; वही खरंच नव्हती.

"गायीची कास सुजती," ते म्हणाले. "डॉक्टर यिऊन सुई टोचून जातो. घरातल्या बाईला ठावं नसतंय. ती सकाळी दूध घालून घरी जाती, मग तिला कळतंय. तवर दूध चार घरच्या दुधात पडल्यालं. मग ती पळत माघारी येती आन् अप्पाच्या कानात सांगती." अप्पा म्हणजे गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. "तितंच वतलं तर रांगंतल्यांना कळतंय कुणाचं, म्हणून अप्पा चिंधी बांधून धाडतो. आमी कॅन माघारी धाडतो. रांग पांगल्यावर तितं उकिरड्यावर वततात."

"पण त्यासाठी फॉर्म आहे ना?"

"फॉर्मात नाव हाय, कोड नंबर हाय. नाव आलं की त्या घरचं दूध पंधरा दिस बंद. फुडच्या बारीला कोण पळत यील सांगाया?"

फॉर्म उत्कर्षाच्या ड्रॉवरमध्ये होते. शंभरचा गठ्ठा, एकही न भरलेला. वर्षभरात एकही तक्रार नाही म्हणून ऑफिसातल्यांनी तिला तो गठ्ठा पहिल्या दिवशी अभिमानाने दाखवला होता.

"आज कोणाचं होतं?"

"इचारू नका," साहेबराव हळूच म्हणाले. "इचारलं की सांगावं लागतंय, आन् सांगितलं की लिवावं लागतंय. माझं नाव घाला तुमी. डॉक माझाच हाय."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी वही घिऊनच फिरता की वो बाई!" तुळसाबाई फाडकन म्हणाल्या. "तुमास्नी सांगायचं म्हंजी छापूनच यायाचं. आन् मी म्हणलं न्हवतं व्हय, साहेबराव येऊ द्या म्हणून?"

"म्हणाला होतात," उत्कर्षा म्हणाली.

तिने रिपोर्ट पाच ओळींत लिहिला. एक कॅन डॉकवर बाजूला ठेवायचा होता. डॉकप्रमुख जागेवर नव्हते. कर्मचाऱ्याने थांबायला सांगितलं. मी थांबले नाही. पट्टी न लावता कॅन रांगेत घेतला. खाली स्वतःचं नाव, हुद्दा, वेळ.

विजयसिंह सरांनी तो दोनदा वाचला.

"तुमचं प्रोबेशन चालू आहे, माहीत आहे ना?"

"हो सर."

"बाजूला ठेवायचा, हे कुठल्या नियमात आहे?"

"नियमात नाही सर. पण झालं असंच."

सर खिडकीतून डॉककडे बघत राहिले. तिथे तुळसाबाई कॅन पालथे घालत होत्या.

"चिंधीच होती?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षा दचकली. "लाल."

"मी डॉकवर होतो तेव्हा काथ्या बांधायचे." त्यांनी रिपोर्टवर सही केली. "या खुर्चीवर बसल्यावर मला कोणी सांगायचं बंद केलं. मीही विचारलं नाही. जा, पाठवून द्या."

हेड ऑफिसचं पत्र आठवड्याने आलं. उत्कर्षाचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं होतं. साहेबरावांचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

पत्रानंतर पंधरवडाभर चिंधीचा एकही कॅन आला नाही. हे चांगलं लक्षण नव्हे, हे आता तिलाही कळत होतं. मोठ्या टाकीला ती रोज पट्टी लावायची, आणि दुसरी रेघ उमटेपर्यंत टाकीजवळून हलायची नाही. शेवटी एका रविवारी ती विशालच्या गाडीत बसून अप्पांच्या गावी गेली, चिंधी धुऊन, घडी करून त्यांच्या हातात दिली. अप्पांनी चहा पाजला. ते दूध कोणाच्या घरचं होतं, हे तिने विचारलं नाही.

मंगळवारी दोन कॅन आले, दोन्हींना चिंध्या.

"म्याडम!" साहेबरावांनी डॉकवरून हाळी दिली. "तुमची ती पट्टी घिऊन या!"

पहिल्या कॅनच्या पट्टीवर एकच रेघ. दुसऱ्याच्या पट्टीवर दोन, ठळक.

"याच्यात औषध नाही," ती म्हणाली. "इंजेक्शनचा असर उतरला असणार. हे घेता येईल."

साहेबराव पट्टीकडे टक लावून बघत राहिले. "म्हंजी आजवर आमी चांगलंबी दूध उकिरड्यावर घातलं आसंल?"

"काही वेळा, हो."

"आगं बया," तुळसाबाई म्हणाल्या, आणि मग चहाचा पेला तिच्याजवळ ठेवत, "चहा घेता का बाई? गार हुतोय."

दुसरा कॅन टाकीत गेला. पहिला गाडीवर चढवायचा होता. त्याची चिंधी नमुना घेताना सुटली होती, ती उत्कर्षाने कानाला पुन्हा बांधली आणि चहाचा पेला उचलला.

"थांबा," साहेबराव म्हणाले. त्यांनी तिची गाठ एका बोटाने सोडवली. "आसली गाठ पाटाच्या पुलापतुर बी पोचायची न्हाय. हिकडं बघा, आशी."

तिने पेला खाली ठेवला आणि बघितलं.