कणकेचं माप

हर्षालीने डब्यातल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडला, त्याला वरून कोरडं पीठ लावलं आणि बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकून तो ब्रेकचा बूस्टर आणि इंजिनाचं टॅपेट कव्हर यांच्यामधल्या फटीत अडकवला.

"पप्पा, ब्रेक घट्ट दाबा. गियर टाका आणि रेस द्या."

किशोर मिस्तरी स्टिअरिंगवर बसले होते. स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं, कारण गाडी अमेरिकेची, एकोणसत्तर सालची, दोन दारांची आणि आठ सिलिंडरांची. त्यांनी रेस दिली, पण नव्या शिकाऊ ड्रायव्हरसारखी, पाय आखडून.

"अजून."

"बास झालं."

"अजून पप्पा. इंजिन कलायला हवं."

इंजिन गुरगुरलं, डावीकडून वर उचललं गेलं आणि परत खाली बसलं. हर्षालीने दबलेला गोळा अलगद बाहेर काढला, ब्लेडने मधोमध कापला आणि कापलेल्या कडेला व्हर्नियर लावलं. अकरा मिलीमीटर.

"जागा आहे!" ती म्हणाली.

मिस्तरींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, पण ते खाली उतरले नाहीत.

"गरम झाल्यावर बघ. थंड इंजिन काहीही सांगतं."

तिने अर्धा तास इंजिन चालू ठेवलं आणि दुसरा गोळा लावला. साडेदहा.

"इंजिनाखालच्या माउंटिंगची रबरं नवीन आहेत म्हणून. ती दबल्यावर काय करशील?"

"दबून दबून चार मिली दबतील. तरी सहा उरतात."

हर्षालीला वाटलं होतं, पाठीवर थाप नाही तरी निदान 'हं' तरी येईल. ही रीत त्यांचीच होती. इंजिन बंद असताना दिसणारी जागा खरी नसते, ते जोरात असताना उरते ती खरी. आणि तिथे पट्टी जात नाही, कणीक जाते. नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यांतली माणसं या रीतीला हसायची, तरी आई रोज सकाळी पोळ्यांच्या कणकेतली मूठभर वेगळ्या डबीत घालून द्यायची. हर्षाली नऊ वर्षांची असताना मिस्तरींनी तिला स्टुलावर उभं करून सांगितलं होतं, मोजल्याशिवाय 'जागा नाही' म्हणायचं नाही.

आणि या गाडीच्या बाबतीत मात्र गेले आठ दिवस ते न मोजता तेच म्हणत होते. नाही बसत, सोड.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक बंद डबा, आत रबराचा पडदा. इंजिन हवा ओढतं तसा पडदा सरकतो आणि पायाचं काम हलकं करतो. पडदा जेवढा मोठा तेवढं बळ जास्त, पण या गाडीत मोठा डबा मावत नव्हता. हर्षालीने कागदावर क्षेत्रफळं काढली. अकरा इंची एका पडद्याऐवजी एकामागे एक असे आठ इंची दोन घेतले, तर बळ जवळपास तेवढंच मिळतं आणि रुंदी तीन इंचांनी कमी होते. तसा डबा शोधायला कुठे जावंही लागलं नाही. एका छोट्या मालवाहू गाडीचा होता, मागच्या रॅकवर, पाचेक वर्षांची धूळ खात पडलेला.

गाडी आली होती टोचनवर, दुसऱ्या गाडीने ओढत. सोबत कारभारी अण्णा, नामपूरचे कांद्याचे व्यापारी, पांढरी टोपी, हातात पिशवी. पत्र्याचं काम मालेगावात झालं होतं. नवा रंग जुन्या रंगापेक्षा किंचित गडद होता, त्यामुळे मार कुठे बसला होता ते अजून दिसत होतं.

"पोराची गाडी हाय. संतोषची," त्यांनी सांगितलं होतं. "दोन वरसं झाली. चैत्रात देवीच्या गडावरनं उतरताना घाटात गेला. ब्रेक लय जड व्हते, टायमाला दाबलेच नाय गेले. रोज कानीकपाळी वरडायचो, नाशिकला जाय, पावर ब्रेक करून घे. हा अण्णा, करतो अण्णा. पन आळशी. आळसानं गेला तो, दुसरं काय नाय. घरात त्याची बहीन, निकिता, माझ्याशी भांडती, गेलेल्या मानसाला काय बोलता म्हनून. बोलनारच. त्यानं नाय केलं ते आता मी करून घेतो."

ते बोलत असताना मिस्तरी पाठमोरे उभे होते. मध्येच त्यांनी ग्राइंडर सुरू केला होता, आणि त्या क्षणी त्यांच्या हातात घासण्यासारखं काहीच नव्हतं.

हे हर्षालीला आत्ता आठवलं.

काम लिहून ठेवायला तिने गाड्यांच्या कार्डांची पेटी उघडली. गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीचं कार्ड तिथे नंबरवार लागलेलं असे, काम होवो न होवो. ती नवं कोरं कार्ड घालायला गेली, तर त्या नंबराच्या जागी आधीच एक कार्ड होतं. अक्षर पप्पांचं. ८ मार्च २०२४. संतोष, नामपूर. ब्रेक जड. पावर ब्रेकसाठी जागा नाही. परत पाठवली.

त्या वर्षी ती पुण्याला होती, शेवटच्या सेमिस्टरला.

मिस्तरी कधी गाडीतून उतरून तिच्या मागे येऊन उभे राहिले, ते तिला कळलं नाही.

"तो आला होता," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही कणीक लावली नाहीत?"

त्यांनी खिशातलं फडकं काढलं. हात स्वच्छ होते, तरी ते एकेक बोट पुसत राहिले.

"शिवरात्र होती, हर्षू. घरात चूल फराळापुरती. डब्यात भगर होती." फडकं अंगठ्यावर आलं. "भगरीने माप निघत नाही. मी बोटं घालून बघितली. दोन गेली, तिसरं अडलं. म्हटलं, नाही जागा. त्र्यंबकला जायचं होतं, रस्ता भरायच्या आत."

"उद्या या म्हणायचं ना त्याला."

"म्हणायचं होतं."

"आणि तो गेला, हे?"

"त्या दिवशी गाडी टोचनवर आत आली तेव्हा कळलं. तुझ्याबरोबरच."

हर्षालीने कार्ड पेटीत परत ठेवलं नाही. एप्रनच्या खिशात घातलं. मिस्तरींनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कारभारी अण्णा आले. गाडी अर्ध्या ओढलेल्या शटरकडे पाठ करून आतच उभी होती. अण्णांनी टोपी नीट केली, चपला काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत जाऊन स्टिअरिंगवर बसले.

"बसलं का पोरी?"

"बसलं, अण्णा. ब्रेकवर पाय ठेवा. दाबून धरा. आता चावी फिरवा."

इंजिन सुरू झालं आणि त्यांच्या पायाखालचा ब्रेक आपसूक बोटभर खाली गेला. अण्णांनी दचकून खाली पाहिलं.

"आपोआप गेला की."

"तेच काम आहे त्याचं. आता जोर लागणार नाही."

त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा दाबला. लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा, इतक्या हलक्या पायाने.

"एवढंच व्हतं," ते म्हणाले. "एवढ्या आठ दिवसांचं काम. आन् त्या गाढवाला आठ दिवस भेटले नाय. बघ ना. आळस मानसाला..."

हर्षालीचा हात खिशात गेला. कार्डाची कड तिच्या बोटांना लागली. तिने ते बाहेर काढलं नाही. पप्पांकडे पाहिलं. ते बॉनेटपाशी उभे होते, हातात तेच फडकं. काही न बोलता गाडी बाहेर जाऊ शकली असती. अण्णा चहा प्यायले असते, तिला आशीर्वाद देऊन गेले असते, आणि संध्याकाळी नामपुरात निकिताचं आणि त्यांचं पुन्हा तेच भांडण झालं असतं.

मिस्तरींनी फडकं बॉनेटवर ठेवलं. गाडीच्या दारापाशी आले, आणि हर्षालीकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. तिने कार्ड त्या हातात दिलं.

"अण्णा," ते म्हणाले, "संतोष आळशी नव्हता. आला होता तो इथे. दोन वर्षांपूर्वी, शिवरात्रीला. मीच म्हटलं, जागा नाही. न मोजता म्हटलं. जागा होती."

अण्णांनी कार्ड घेतलं. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरलं. त्यांचं बोट अक्षरांवरून सरकत गेलं आणि 'संतोष, नामपूर' वर थांबलं. त्याच्या पुढे ते गेलंच नाही. मिस्तरी मान खाली घालून उभे होते. शिवी येईल, हात उठेल, जे काही येईल त्यासाठी.

"मना पोऱ्या उना व्हता?" अण्णा म्हणाले. इतका वेळ ते शहरातल्यांशी बोलायची मराठी बोलत होते. आता 'माझा पोरगा आला होता?' हे घरच्या अहिराणीतच निघालं.

"हो अण्णा."

"एकटाच?"

"एकटाच."

इंजिन चालू होतं. टॅपेट कव्हर त्याच्या साडेदहा मिलीमीटरांत थरथरत होतं.

"शिवरात्रीचा त्याचा उपास ऱ्हायचा," अण्णा समोर काचेकडे बघत म्हणाले. "कडक. घरनं काय न खाता निंघायचा." मग त्यांच्याकडे वळून, "मिस्तरी, काय खाल्लं व्हतं का त्यानं इथं?"

"भगर," मिस्तरी म्हणाले. "माझ्या डब्यातली. अर्धी."

अण्णांनी मान हलवली. कार्डाची घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. हर्षालीने चहा सांगायला म्हणून पाठ फिरवली, तेव्हा तिला दिसलं, गाडीच्या मागच्या शटरवर ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड पडला होता. ती चहा सांगून आली, चहा आला, त्यावर साय धरली. शटरवरचा उजेड तसाच होता.