सरांनी ग्रुप सोडला

शनिवारी दुपारी गोपीनाथ सरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला आणि ठाण्याच्या 'मन आणि समाज अभ्यासगटा'त खळबळ उडाली.

एरवी कुणी ग्रुप सोडला तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण हा गट सरांनीच सुरू केलेला. गोपीनाथ भोईर कल्याणच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. माणसाचं मन एकट्यानं बिघडत नाही, त्यात त्याचं घर असतं, गल्ली असते, नोकरी असते, असं ते सांगत. त्या बोलण्यापायी मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, प्राध्यापक, पीएचडी करणारी मुलंमुली अशी मंडळी जमत गेली. दर महिन्याला नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बैठक व्हायची. कुणीतरी निबंध वाचायचं, बाकीचे त्यावर तुटून पडायचे आणि शेवटी सर समारोप करायचे. गेले काही महिने मात्र सर फिरकले नव्हते. फोनही उचलत नव्हते. आणि आता हे.

संचिता गटाची चिटणीस. सरांची जुनी विद्यार्थिनी, राहायला डोंबिवलीत, आणि शिकवायची त्याच कॉलेजात, पण मानसशास्त्र. ग्रुपवर 'सर गेले' अशी बातमी आली तेव्हा ती फलक छापणाऱ्याच्या दुकानात उभी होती आणि 'एकटेपणा'मधला टे आणि प तो पुन्हा पुन्हा वेगळे का पाडतोय ते त्याला विचारत होती. वार्षिक चर्चासत्र तोंडावर आलं होतं. विषय 'शहर आणि एकटेपणा'. हॉल, जेवण, पाहुणे, फलक, सगळं तिच्या गळ्यात.

संध्याकाळी कार्यकारिणीची ऑनलाइन बैठक बसली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. स्वानंद लेले यांचा दवाखाना खोपटला एसटी डेपोसमोर. त्यांना निवृत्तीनंतरच्या नैराश्याची शंका आली. शौनक समाजशास्त्राचा, त्याच्या मते दुखणं सरांचं नव्हतंच, म्हाताऱ्यांना अडगळीत टाकणाऱ्या समाजाचं होतं. ऐश्वर्याताई समुपदेशक, त्या म्हणाल्या की ग्रुप सोडणं ही मदतीची हाक असू शकते. मग 'हाक' हा शब्द बरोबर की चूक, यावर बराच वेळ गेला. कुणीतरी सरांच्या घरी जाऊन यावं, हे शेवटी संचितानं सुचवलं. तिनं सुचवलं म्हणून जायचंही तिनंच, असं ठरलं.

सूचना मात्र सगळ्यांनी भरपूर दिल्या. थेट काही विचारायचं नाही. समोरासमोर न बसता जरा तिरकं बसायचं. झोप, भूक, कपड्यांची टापटीप यांवर लक्ष ठेवायचं. आणि काय ते लगेच कळवायचं.

रविवारी सकाळी संचितानं मशीनमधले कपडे वाळत घातले, नवऱ्याला, राकेशला, भाजी आणायला बजावलं आणि पाहुण्यांना मेल करत करत रिक्षात बसली. सरांचं घर विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे, जुन्या गावठाणात. आजूबाजूला टॉवर उठलेले, पण सरांची बायको आवडाबाई अजून पायरीवर बसूनच कोळंबी सोलायच्या.

"ये गो बाय," त्या म्हणाल्या. "किती वाळलीस."

संचितानं आवाज मऊ केला आणि सरांना झोप लागते का, असं विचारलं. आवडाबाईंनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. झोप लागते, हाका मारून मारून उठवावं लागतं, त्यांनी सांगितलं. आणि जेवण? जेवणाचं तर विचारूच नको, परवा पाहुण्यांच्या वाट्याच्या भाकऱ्या त्यांनीच संपवल्या. मग सर आहेत कुठे?

"मैदानान."

मैदान म्हणजे भोईरांचं जुनं भातशेत. सरांचा पुतण्या कमलेश यानं तिथं हिरवं कृत्रिम गवत अंथरून, चारी बाजूंनी आणि वरून जाळी लावून बॉक्स क्रिकेटचं टर्फ काढलेलं. संचिता जाळीपाशी पोचली तेव्हा आत दोन सोसायट्यांचा सामना रंगला होता आणि स्टंपामागे गोल टोपी, पायात नारिंगी बूट अशा अवतारात गोपीनाथ सर दोन्ही हात फैलावून वाइड देत होते. गोलंदाज हुज्जत घालायला आला. सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं बघितलं. पीएचडीच्या मुलांकडे ते असंच बघायचे. गोलंदाज परत गेला.

"काका अंपायर असले की भांडणं होत नाहीत," कमलेशनं तिला खुर्ची देत सांगितलं. "आधी नुसते बघायला आलेले, आता सोडतच नाहीत."

डाव संपल्यावर सर टॉवेलनं मान पुसत तिच्याजवळ येऊन बसले. तिला बघून त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. तिरकं बसायचं संचिता साफ विसरली.

"सर, ग्रुप का सोडलात?"

"कंटाळा आला गं," सर म्हणाले. तिला धक्का बसलाय हे बघून त्यांनी सावकाश समजावलं. "शेवटच्या बैठकीत मी समारोपाला उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, कोण काय बोललं ते मला ठाऊकच नाही. मी ऐकलंच नव्हतं. तरी बोललो, आणि टाळ्याही पडल्या. घरी येताना स्वतःचीच लाज वाटली. इथं प्रत्येक चेंडूकडे बघावं लागतं. नाही बघितलं तर ही पोरं मला उभं करणार नाहीत."

संचिताला हसू आलं. काल संध्याकाळची सगळी चर्चा तिच्या डोळ्यांसमोरून गेली आणि ते हसू आवरेना. सरांनी कारण विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं. सरही हसले. मग दोघं घरी जेवायला गेली.

कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी पोटात गेल्यावर संचिता बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर जरा टेकली. कार्यकारिणीला काय कळवावं याचा विचार करता करता तिचे डोळे मिटले. पुढचं तिला आवडाबाईंनी नंतर हसत हसत सांगितलं. तिचा फोन वाजत राहिला, ती काही हलली नाही, तेव्हा शेवटी सरांनी तो उचलला. पलीकडे डॉ. लेले होते. सरांचाच आवाज ऐकून ते गडबडले. त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि अगदी जपून विचारलं, "सर, झोप वगैरे लागते ना?"

"मला लागते," सर म्हणाले. "संचिताला इथं आल्यावर लागली. उठवणार नाही मी तिला. काही काम असेल तर तुम्ही करा."

ती उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगावर कुणीतरी चादर घातलेली. ती ओशाळून उठून बसली आणि माफी मागायला लागली. सरांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"दुपारची अशी शेवटची कधी झोपली होतीस?"

तिला आठवेना. आठवायचा प्रयत्न करताना बाकीचंच सगळं आठवत गेलं आणि ती बोलायला लागली. कॉलेज, अर्धवट पीएचडी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, गटाचे सगळे फोन. एकटेपणावरचं चर्चासत्र आपण एकटीनंच उभं करतोय, हे बोलताना तिचं तिलाच ऐकू आलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, समारोप केला नाही. चहा संपल्यावर ते तिला रिक्षापर्यंत सोडायला आले.

रिक्षात तिनं ग्रुपवर लिहिलं. सर ठणठणीत आहेत. हॉल आणि प्रोजेक्टर शौनकनं बघावा, पाहुणे ऐश्वर्याताईंनी, जेवण डॉक्टरांनी. जमत नसेल तर चर्चासत्र पुढच्या वर्षी करू. मग डॉक्टरांचा प्रश्न आला, "जेवण बघायचं म्हणजे नक्की काय काय करायचं असतं?"

चर्चासत्र झालं. प्रोजेक्टर जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू झाला. डॉक्टरांनी श्रीखंड इतकं मागवलं आणि पुऱ्या इतक्या कमी की लोकांनी ते चमच्यानं खाल्लं. सर नारिंगी बुटांतच आले, शेवटच्या रांगेत बसले, दोन निबंध लक्ष देऊन ऐकले आणि संध्याकाळी उपांत्य सामना आहे म्हणून जेवून निघून गेले. समारोप कुणी केलाच नाही.

दुपारी रुचिता नावाची एक मुलगी बोलायला उभी राहिली. दिवा स्टेशनजवळच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या बायकांवर तिचं काम होतं. नळाला पाणी नसतं तेव्हा टँकरपाशी त्या तासन् तास उभ्या राहतात, कावतात, भांडतात, आणि तिथंच त्यांच्या मैत्रिणी होतात. पाण्याचा त्रास मिटावा आणि मैत्री राहावी, हे कसं जमवायचं, असं तिनं विचारलं. संचिता मधल्या रांगेत बसून ऐकत होती. चिटणीस झाल्यापासून तिनं एकही निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला नव्हता. ती कायम दाराबाहेर, कानाला फोन लावून. आज मात्र ऐकता ऐकता तिच्या मनात एक प्रश्न आला, मग दुसरा. तिनं हात वर केला.

रुचिताचं उत्तर लांबलं, त्यावर संचिताचं म्हणणं निघालं. सत्र संपलं तरी दोघी मागच्या खुर्च्यांवर बसून बोलतच होत्या. हॉलवाल्यानं पंखे बंद केले तेव्हा त्या उठल्या, बाहेर आल्या आणि जिन्यात उभ्या राहून पुन्हा बोलायला लागल्या.