फोटोपुरती ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय, आणि बोलायला बसलेय ती कबुली द्यायला. मी खोटी साक्ष दिली आहे. कोर्टात नाही, एका अंगणात, भर दुपारी, फोटो काढून घेऊन.

जन्माचं फार कौतुक सांगत नाही. कारखान्यात प्लास्टिकच्या पट्ट्या विणल्या, वर निळा मुलामा चढवला, कडेला कड्या ठोकल्या, की झाले मी. माझ्यासोबतच्या काही ट्रकवर गेल्या, काही बांधकामावर. माझ्या पोटावर मात्र पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं, 'मसाला व पेय पिके निर्यात योजना. फक्त मिरी वाळवण्यासाठी.' कपाळावर काम लिहून घेऊन आलेली मी. मिजास तिथूनच चढली असणार.

शेतीखात्याच्या बाईंनी मला स्कूटरला बांधून या घरी आणलं. बाई वयाने लहान, उन्हाने रापलेल्या, बोलायला फटकळ. चार वर्षांपूर्वी त्यांनीच या घरच्या सुनेला मिरीची रोपं दिली होती, कॉफीच्या मळ्यातल्या सावलीच्या झाडांवर चढवायला. पहिल्या वर्षी निम्मी रोपं मेली. सुनेने पुन्हा लावली. घरातले हसले, तेव्हा ती कळशीने पाणी घालत होती. आता वेल लगडले होते, तर सगळेच म्हणत होते, आमची मिरी.

आमची म्हणणाऱ्यांत पहिले तात्या, तिचे सासरे. बारा शेतकऱ्यांच्या गटाचे अध्यक्ष, आणि घराचेही. योजनेत बायकांच्या नावाला अग्रक्रम होता, म्हणून कागदावर नाव सुनेचं घातलं. मिरी कुठे आणि कशी वाळवायची ते तात्या सांगणार. नाव तिचं, हुकूम यांचा. या वयाच्या माणसांना ही वाटणी फार न्यायाची वाटते.

त्या साली तिच्या वेलांची तीन पोती मिरी परदेशातल्या खरेदीदाराकडे नमुना म्हणून जायची होती. पसंत पडली, तर पुढच्या हंगामापासून बारा घरांचा माल थेट जाणार आणि तिच्या पोत्यांवर तिचं नाव राहणार. कसं दिसतं म्हणून तिने एका रिकाम्या पोत्यावर ते रंगाने लिहूनही बघितलं. मग कोणी बघेल म्हणून पोतं उलटं करून ठेवलं.

मला देताना बाई म्हणाल्या होत्या, "ही जपायला देत नाहीये, तात्या. मळली की धुवा. फाटली की सांगा, मी दुसरी देते."

तात्यांनी माझा कोपरा दोन बोटांत धरून चोळला. बाई गेल्यावर म्हणाले, "चांगली आहे. माळ्यावर टाक, सूनबाई. घरात कार्य निघालं तर मांडवाला होईल."

माझा गुन्हा इथे सुरू होतो. मला बरं वाटलं. ज्याच्यासाठी मला घडवलं ते काम टळलं, आणि मी स्वतःला चांगली समजू लागले. माळ्यावर जुनी सतरंजी होती, भोकं पडलेली, आयुष्यभर राबलेली. तिच्याशेजारी मी ताठ घडीत पडून राहिले आणि तिला हसले.

खाली मिरी उतरली. वेलावरचे घोस तुडवून दाणे सुटे केले आणि उघड्या अंगणात पसरले. त्या अंगणात कोंबड्या हिंडायच्या, शेळी मिरीवरूनच गोठ्यात जायची, मोटारसायकल आली की धुळीचा लोट दाण्यांवर बसायचा. दुसऱ्याच दिवशी सून शिडी लावून वर आली आणि मला ओढू लागली. उन्हाळ्याने माझ्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सैल सुटता आलं असतं मला. मी ताठच राहिले. एवढ्यात खालून तात्यांचा आवाज आला. नव्या वस्तूची घडी मोडायची नाही, परवा बाईंची पाहणी आहे, तेव्हा अंथरू. ती म्हणाली की मिरी आज ओली आहे, परवा नाही. त्यावर तात्यांनी सांगितलं, "चार पिढ्या जमिनीवर वाळवली. कोणी मेलं का?"

तिच्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे जाऊ दे म्हटलं. जाऊ दे म्हणणारे तर मला टोमणे मारणाऱ्यांपेक्षा वाईट वाटतात. टोमणा मारणारा निदान समोर तरी उभा असतो.

पाहणीच्या दिवशी मला अंगणात पसरलं. जमिनीवरचीच मिरी झाडूने गोळा करून माझ्यावर ओतली, हाताने छान सपाट केली. शेळी मागे बांधली. तात्या धुतलेला सदरा घालून माझ्या कडेला उभे राहिले, सुनेला शेजारी उभं केलं. बाईंनी फोटो घेतला. उन्हात मी काय चमकत होते! बाई खूश होऊन गेल्या. अर्ध्या तासात मिरी पुन्हा जमिनीवर आणि मी पुन्हा माळ्यावर.

इथल्या तपासणीत ओलावा बरोबर निघाला. जंतू सापडले तिकडच्या प्रयोगशाळेत. जनावराचे केस, लेंडीचा चुरा, खडे, सगळं अहवालात ओळीने लिहिलेलं. तिन्ही पोती नाकारली, आणि पुढच्या हंगामाची बोलणीही थांबली.

मग गटाची सभा भरली, याच अंगणात. सभेला काय अंथरलं असेल? मला. मिरीसाठी मळू नये म्हणून जपलेली मी, त्या दिवशी तेरा माणसं बूड टेकून माझ्यावर बसली.

बाईंनी फाइलमधून फोटो काढला आणि सुनेला विचारलं, "ताडपत्रीवरच वाळवली होती ना?"

सुनेने तात्यांकडे पाहिलं. तात्या माझ्या कडीशी खेळत होते, डोळे कडीवरच. चार माणसांत सासऱ्याचं नाक कापायचं कसं, एवढाच विचार तिने केला असेल. ती म्हणाली, "हो."

बाईंनी पुन्हा फोटो पाहिला. फोटोही हो म्हणत होता. मग चूक राहिली ती पोती भरणारीची. गटातले म्हातारे एकेक करून तोंड सोडू लागले. बायकांच्या हाती निर्यात दिली की असं होतं, स्वच्छता घरी शिकवावी लागते, आणि काय काय. ज्यांच्या स्वतःच्या अंगणात शेळ्या, तेच सगळ्यात मोठ्याने. निर्यातीच्या यादीतून तिचं नाव काढलं. सूचना मांडली ती तात्यांनी. अध्यक्ष ना.

मी तिथेच होते, सगळ्यांच्या खाली. मला फक्त एवढंच ओरडायचं होतं, की मी त्या मिरीखाली अर्धा तास होते. ताडपत्रीला तोंड नसतं, हे मला ठाऊक आहे. पण तोंड असलेले तात्या तरी कुठे बोलले? म्हणून मी स्वतःला सूट देत नाही.

ते उलटं ठेवलेलं पोतं तिने चुलीत घातलं.

पुढच्या हंगामात वेल पुन्हा लगडले. परदेशी जाण्याचा प्रश्न नव्हता, मिरी गावच्या बाजारात जाणार होती. तरी सून शिडी लावून वर आली. या वेळी मी पहिल्या ओढीला सुटले. तिने मला अंगणभर पसरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. तात्या चपलांसकट माझ्यावर येऊन उभे राहिले आणि घडी का मोडली म्हणून विचारू लागले.

ती म्हणाली, "गेल्या साली मी तुमच्यासाठी खोटं बोलले, तात्या. यंदा बोलणार नाही. पाय काढा."

त्यांनी पाय काढला. जरा वेळाने खुर्ची आणून कडेला बसले, हातात काठी. दिवसभर कोंबड्या हाकलत राहिले. माफी मागितली नाही. मोठी माणसं माफी मागत नाहीत, कोंबड्या हाकलतात.

आज माझा रंग विटलाय. एका कोपऱ्याला ठिगळ आहे, पोटावरची अक्षरं पुसट झालीत, मधोमध मिरीचा काळसर डाग बसलाय, धुऊनही जात नाही. सतरंजीची मी मनातल्या मनात माफी मागितली. सुनेची कशी मागू, कळत नाही. तिचं नाव अजून यादीत नाही.

खात्याच्या बाई, एक विनंती आहे. तुमच्या फाइलमधला तो फोटो पुन्हा काढून नीट बघा. तात्यांचा सदरा बघू नका, मला बघा. त्या फोटोत माझ्या अंगावर घड्यांच्या रेषा आहेत आणि एकही डाग नाही. मिरी वाळवणारी ताडपत्री इतकी कोरी कधी असते का?