नात्यातला नाही

जनुकांवरून नातं शोधणारा माझा प्रोग्रॅम तीन आठवडे खोटं बोलतोय, असंच मी धरून चालले होते. वसीलाबाई, इथल्या बोलीत लल्ला वसीला, आणि तिचा नवरा हबीब एकमेकांचे नातलग आहेत, हा त्याचा हेका. त्यांच्या मुलाचे, अय्यूबचे पाय नवव्या वर्षी गळाले. त्याच्या रक्तात आईकडून आणि बापाकडून आलेले जनुकांचे लांबच लांब पट्टे तंतोतंत जुळत होते. आणि वंशवेलीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, नवरा नात्यातला नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख सी मुनसिफ, म्हणजे मुनसिफसाहेब, म्हणाले, "तुझ्या प्रोग्रॅमला आपलं सगळं स्फाक्स शहर एकमेकांचं भाऊबंद दिसतं. मार्सेयवाल्यांना हे दाखवलंस तर हसं होईल."

परदेशातल्या मार्सेयच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची, मुलाखत त्याच दिवशी अकरा वाजता, व्हिडिओवर. त्यांनी नेमकं हेच कुटुंब मांडायला सांगितलेलं, आणि इथला माझा करार जूनमध्ये संपत होता. जीव थाऱ्यावर नव्हता. पावणेअकराला न राहवून वसीलाला फोन लावला.

"लल्ला वसीला, सी हबीब नक्की नात्यातले नाहीत ना?"

"कितीदा सांगू, पोरी? तू विचारलंस चुलत आहे का, मी म्हटलं नाही. त्याची आई आणि माझी आई मावसबहिणी. बायकांकडचं कोण मोजतं?"

मी कपाळावर हात मारला. मीही इथलीच, इथल्यासारखंच विचारून मोकळी झाले होते. प्रोग्रॅम खरा होता! आनंदाने खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या.

"म्हणजे अय्यूबचं दुखणं त्यातून आलं?" तिने हळूच विचारलं.

"बहुतेक. तो दोष तुम्हा दोघांतही लपलेला असणार."

तिने आवाज आणखी खाली आणला. "आज अय्यूबच्या बहिणीची, दोरसाफची सोयरीक आहे. नवऱ्यामुलाची आई माझी मावसबहीण. बैठकीत बसलीय. इमाम आले की फातिहा वाचून लग्न पक्कं करणार."

अकराला सात मिनिटं होती.

"दोन दिवस थांबवा. आधी मुलाचं आणि दोरसाफचं रक्त तपासू; दोघांतही तोच दोष निघाला, तर त्यांच्या मुलांचंही अय्यूबसारखं होऊ शकतं."

"मी सांगितलं तर पोरीत खोट आहे म्हणत उठून जातील. तू शिकलेली, तूच बोल."

फोन मुलाच्या आईकडे, लल्ला नाफिसाकडे गेला. "कसलं रक्त? आमच्या मुलात काय कमी आहे?"

मी पहिल्यापासून सांगायला लागले. समोर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मार्सेयचा कॉल वाजू लागला. मध्येच फोन ठेवला असता, तर तिकडे फातिहा उरकली असती. मला रडू येत होतं, आणि या बाईचा भयंकर रागही. कॉल थांबला, पुन्हा वाजला, थांबला.

"ऐकतेस ना गं?" नाफिसा म्हणाली.

"ऐकतेय." मी नवी वंशवेल काढायला घेतली. "तुमच्या आईचं नाव सांगा."